लेबर्टचा सार्जंट

डोंगरातल्या थँकफुल गॅप गावात मिस आयोनी डिहेनीच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. खुद्द पाद्रीसुद्धा तिच्यापुढे बेताबेतानेच बोलायचा. अंगापिंडाने बाई लहानखुरी, डोक्यावर उन्हापावसात एकच गवती हॅट, आणि जीभ अशी की कोयत्याला धार नसली तर तिच्यावर घासून घ्यावी. मनाने मात्र वाईट नव्हती. कुणाच्या घरी मूल जन्मलं की मक्याच्या पेजेचं पहिलं भांडं तिच्याकडून जायचं, आणि कुणाच्या घरी माणूस गेलं की चहाची पहिली किटलीही तिचीच. पण समोरच्याच्या बोलण्यात एखादा टाका सैल दिसला की तो उसवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. आयुष्यात सगळ्यात जास्त टाके तिने उसवले ते आपल्या नवऱ्याचे.

नवरा म्हणजे मास लेबर्ट; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मास म्हणतात आणि बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिस. ताडमाड उंच, हडकुळा, छातीने अधू. डोंगराच्या उतारावर त्याची कॉफी होती आणि खालच्या तुकड्यात कोनफळं. कोनफळाच्या वेलांना चढायला काठ्या लागतात आणि काठ्या मिळतात वरच्या रानात, तेव्हा हा माणूस सकाळी कोयता घेऊन काठ्या तोडायला जायचा तो उन्हं कलल्यावर चार काठ्या खांद्यावर टाकून परत यायचा. एवढा वेळ कुठे होतास म्हटलं की म्हणायचा, सार्जंट बघत होतो.

सार्जंट हा पक्षी. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव रानअननसाचा सार्जंट. रानअननस आमच्याकडे जमिनीत उगवत नाही, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसतो. दिसायला अननसाच्या शेंड्यासारखा, पानांच्या पेल्यात पावसाचं पाणी धरून ठेवणारा, आणि त्या पाण्यात बेडक्या, गोगलगायी, किडे असा सगळा संसार. लेबर्टचं म्हणणं असं, की हा काळा पक्षी एका रानअननसावरून दुसऱ्यावर जातो, प्रत्येकाची झडती घेतो, एकही सोडत नाही. बराकीत शिपायांच्या पेट्या तपासणाऱ्या सार्जंटसारखा. ज्या म्हाताऱ्यांनी हा पक्षी पाहिला होता ते केव्हाच मातीखाली गेले होते. आता गॅपमध्ये काळा पक्षी म्हटलं की सगळ्यांना एकच ठाऊक होता, क्लिंग-क्लिंग. तो अंगणात कोंबड्यांच्या दाण्यांवर ताव मारतो, कुत्र्याच्या थाळीत चोच घालतो, लांब दुमडलेली शेपटी मिरवत आणि पिवळट डोळे वटारत जमीनदारासारखा फिरतो. त्याला बघायला रानात जायची गरज नाही.

"क्लिंग-क्लिंग नव्हता कशावरून?" आयोनी विचारायची.

लेबर्ट सांगायचा की ह्याची शेपटी आखूड असते, चोच सुईसारखी बारीक असते, हा जमिनीवर उतरत नाही आणि ह्याचा डोळा काळाभोर असतो. आयोनी म्हणायची की झाड माडाएवढं उंच, वर धुकं, आणि ह्याला म्हणे डोळ्याचा रंग दिसला. घरात समोर ठेवलेली मिठाची वाटी तर दिसत नाही.

"तो वाकून बघतो, आयोनी," लेबर्ट म्हणायचा. "आपण गप्प बसलो तर बघतो."

गप्प बसलो तर, हे तो मुद्दाम म्हणतो असं तिला वाटायचं, आणि मग तो दिवसभर तिच्या तावडीतून सुटत नसे.

पक्ष्याच्या शिळेची नक्कलही तो करायचा. शीळ कसली, दम लागलेल्या माणसाच्या छातीतून निघावी तशी घरघर: झ्वीऽऽझू, झ्वीऽऽझू. मुळात त्याची छातीच घरघरणारी, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळायचं नाही की पक्षी कुठे संपला आणि लेबर्ट कुठे सुरू झाला. फेरन गवंडी हा त्याचा जिवलग मित्र. तो तर म्हणायचा, वर रानात बसून हा स्वतःचाच दमा ऐकतो आणि पक्षी समजतो.

एका वर्षी सुगीच्या रविवारी, चर्चमागच्या जेवणावळीत, लेबर्ट नेहमीप्रमाणे उशिरा आला. बाकी सगळे बसले होते. आयोनी वाढता वाढता थांबली, हातातला डाव बंदुकीसारखा खांद्याला लावला आणि म्हणाली, "उभे राहा सगळे. सार्जंटसाहेब आले तपासणीला." लोक हसून हसून बाकांवरून घसरले. त्या दिवसापासून लेबर्ट डिहेनी हे नाव फक्त चर्चच्या नोंदीत राहिलं. गॅपमधली लहान मुलंसुद्धा त्याला सार्जंट म्हणू लागली.

लेबर्ट चिडला नाही. पहिले काही दिवस तो लोकांना समजावायला जायचा, शेपटी आखूड, डोळा काळा. पण दोन वाक्यांत समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू फुटायचं, मग तो बोलणं अर्धवट सोडून द्यायचा. पुढे पुढे कुणी सार्जंट अशी हाक मारली की तो नुसती दोन बोटं हॅटच्या काठाला लावायचा आणि चालू लागायचा. त्या सलामात राग नव्हता की लाचारीही नव्हती. आयोनीला मात्र तो सलाम कधी आवडला नाही. आपण टाकलेलं जाळं रिकामं परत यावं तसं तिला व्हायचं.

आता सुगीच्या रविवारचं सांगायलाच हवं, कारण त्या दिवशी आयोनीची कॉलर ताठ असायची. त्या दिवशी गॅपचं चर्च पिकाने भरतं. खांबांना ऊस, वेदीपुढे कोनफळं, केळीचे घड, भोपळे. आणि मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दारापासून वेदीपर्यंत लाल-हिरव्या रानअननसांची रांग. ही रांग आयोनीची. तिच्या आईनंतर हा मान तिच्याकडे आला होता आणि दुसऱ्या कुठल्या बाईची त्याला हात लावायची प्राज्ञा नव्हती. लांब बांबूला वरच्या टोकाला वाकडी सुरी बांधून ती स्वतः रानात जायची, फांदीवरचा रानअननस मुळासकट खेचून पाडायची, आणि लेबर्ट ते गोणीत भरून डोक्यावरून खाली आणायचा. सोमवारपर्यंत त्यांच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या आणि मंगळवारी ते चर्चमागच्या घळीत जायचे. फांदीवर पुन्हा तेवढा रानअननस व्हायला किती वर्षं लागतात हे कुणी विचारलं नव्हतं. दरवर्षी रस्त्यालगतची आणखी काही झाडं बोडकी व्हायची आणि पुढच्या वर्षी दोघांना थोडं आणखी वर चढावं लागायचं.

लेबर्टने तिला कधी अडवलं नाही. फक्त शेवटच्या झाडापाशी आले की म्हणायचा, "ह्याच्यावरचं एक तरी राहू दे, आयोनी." तिला वाटायचं, ओझं कमी करायला बघतोय. ती तेही पाडायची.

मग लेबर्ट वारला. छातीनेच दगा दिला. शेवटच्या दिवसांत त्याची छाती भरून आली होती, श्वास झ्वीऽऽझू झ्वीऽऽझू वाजत होता, आणि तशातही त्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला होता: ओळख, पक्षी की मी? ती म्हणाली, पडून राहा गप. तिच्याकडून त्याला मिळालेलं शेवटचं वाक्य ते.

घरामागे संत्र्याच्या झाडाखाली त्याला पुरलं. आमच्याकडे थडगं लगेच बांधत नाहीत. माती वर्षभर बसू देतात, मग एक दिवस ठरवून गवंडी बोलावतात, शेजारी येतात, बोकड कापतात, आणि संध्याकाळच्या आत सिमेंटचं थडगं उभं करतात. त्याशिवाय माणूस स्वस्थ पडत नाही. थडगं नसलेल्याचा डपी, म्हणजे त्याचं भूत, इकडेतिकडे हिंडतो, घरावर दगड फेकतो, ओळखीच्या माणसाच्या मागे लागतो. आणि थडग्यावर ओल्या सिमेंटमध्ये दोन नावं लिहितात: एक बाप्तिस्म्याचं, आणि त्याखाली लोकांनी हाक मारलेलं. खालच्या नावाशिवाय थडगं म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, असं जुनी माणसं म्हणतात.

घोडं तिथेच अडलं. थडगं बांधायच्या आदल्या संध्याकाळी लेक डेल्रोझ किंग्स्टनहून आली, फेरन सिमेंटच्या गोण्या झाकून ओसरीवर टेकला, आणि खाली काय लिहायचं हा विषय निघाला. डेल्रोझला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. सार्जंट, दुसरं काय.

"नाही," आयोनी म्हणाली.

"ममा, अख्खा गॅप त्यांना त्याच नावाने ओळखतो."

"अख्खा गॅप हसायचा त्याला. ते नाव मी ठेवलं, चेष्टेत ठेवलं, आणि न पाहिलेल्या पाखराच्या थापा मारतो म्हणून ठेवलं. आता तो उत्तर द्यायला नाही, आणि मी त्याच्या छातीवर थापाड्या असं लिहून ठेवू? जन्मभर टिकतं ते सिमेंट."

"मग खालचं नाव कोरं सोडायचं?"

फेरनने हॅट उचलली. म्हणाला की सिमेंट काही नवरा नव्हे, ते कुणासाठी थांबत नाही; उद्या दुपारी वरचा गिलावा होईल, तोवर ठरवा, त्यानंतर देव आला तरी अक्षर उमटणार नाही.

आयोनीला रात्री नीट झोप लागली नाही. थापाड्या लिहायचं नव्हतं, आणि कोरंही सोडायचं नव्हतं. बिनथडग्याच्या माणसापेक्षा अर्ध्या थडग्याचा माणूस बरा की वाईट, हे तिला ठरवता येईना. फटफटताच ती उठली, डेल्रोझला चूल आणि बोकड सोपवलं, आणि बांबू घेऊन निघाली. नावाचं सुचत नव्हतं, निदान थडग्याभोवती रानअननसांची रांग तरी अशी करावी की चर्चने तोंडात बोट घालावं. तिच्या परीने ही माफीच होती.

जवळची सगळी झाडं तिनेच बोडकी केलेली होती. गेल्या सुगीच्या जागा रिकाम्या, त्याआधीच्याही रिकाम्या. ती चढत राहिली. कॉफी संपली, कुंपण संपलं, लेबर्ट काठ्या तोडायचा ती जागाही मागे पडली. लेबर्टची पायवाट मात्र पुढे जात होती. काठ्यांचं रान संपल्यावरही हा माणूस पुढे कुठे जात होता, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

वर रान एकदम बदललं. झाडांच्या अंगावर शेवाळ इतकं जाड की खोड दिसेना. माणसाहून उंच नेचे, छत्र्या उघडल्यासारखे. धुकं फांद्यांतून सावकाश चालत होतं, आणि पाऊस नसतानाही सगळीकडे थेंब टपकत होते. आणि फांद्याफांद्यांवर, गर्दीने, एकावर एक, रानअननस. तिने इतके रानअननस जन्मात पाहिले नव्हते. दहा चर्चं सजली असती. ती एका मोठ्या झाडाच्या मुळावर बसली, बांबू आडवा ठेवला, आणि दम खाण्यासाठी एप्रनच्या खिशातला बुला काढला. बुला म्हणजे आमच्याकडची आलं घातलेली गोड गोल भाकर. पहिला घास घेते तोच बुल्यावर ओला काळा कचरा पडला.

तिने तो झटकला. पुन्हा पडला. या वेळी कुजलेल्या पानांचा मोठा लगदा, थेट हॅटवर. वारा नव्हता. उंदीर असेल म्हणून तिने शुक् केलं. वर क्षणभर शांतता झाली आणि मग, डोक्याच्या अगदी वरून, तो आवाज आला.

झ्वीऽऽझू. झ्वीऽऽझू.

आयोनीच्या हातातला बुला गळून पडला. तो आवाज तिने शेवटी ऐकला होता तो उशीशी कान लावून. आणि वरून वस्तू फेकणं कोणाचं काम असतं हे गॅपमधलं शेंबडं पोरही सांगेल. वर्ष उलटलं, थडगं झालेलं नाही, खालच्या नावावरून घरात भांडण. डपी उठला नसता तरच नवल.

डपीवर उतारा एकच, घाणेरड्यातली घाणेरडी शिवी मोठ्याने द्यायची. अशा शिव्या आयोनीला सगळ्या ठाऊक होत्या, कारण त्या दिल्याबद्दल तिने अर्ध्या गावाला चर्चमध्ये उभं केलं होतं. तिने तोंड उघडलं. पण लेबर्टला ती शिवी देववेना. जिवंतपणी त्याला नको ते बोललो, पण शिवी कधी दिली नाही, हे तिचं तिलाच तेव्हा कळलं.

"लेबर्ट डिहेनी," ती शेवटी म्हणाली, आणि आवाज तिला हवा होता तेवढा खणखणीत निघाला नाही. "लाज नाही वाटत म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर कचरा टाकायला? आजच बांधतोय थडगं. सिमेंट आलंय, बोकड कापलाय, तुझी लेक एवढ्या लांबून आलीय. आणखी काय पाहिजे तुला?"

वरून एक ओलं पान गिरक्या घेत खाली आलं.

"नावाचं म्हणशील तर मी काय करू? तूच सांग. तूच सांग, तिथे होतं का काही? तीस-पस्तीस वर्षं मला एकच गोष्ट ऐकवलीस, एकदा तरी दाखवायचंस."

आता तिला रडू येऊ लागलं होतं आणि त्याचाच तिला राग आला. ती उठली, मान वर केली, आणि पाण्याचा थेंब नेमका तिच्या डोळ्यात पडला. तिने डोळा पुसला आणि बघितलं.

सरळ डोक्यावरच्या फांदीवर एक मोठा रानअननस हलत होता. बाकीचे सगळे स्तब्ध, हा एकच गदगदा. त्याच्या पानांतून एक शेपटी बाहेर आली होती. काळी. आखूड.

आयोनी गप्प झाली.

शेपटी हलली, आत काहीतरी खसखसलं, आणि पक्षी मागे सरकून पेल्याच्या काठावर आला. सगळा काळा. क्लिंग-क्लिंगचा तेलकट निळा झळाळ नव्हे. शेगडीत विझलेल्या कोळशासारखा, आणि हलला की त्या काळ्यावरून ओलसर चमक सरकायची. चोचीत कुजकं पान होतं. ते त्याने मान झटकून मागे फेकलं, बघितलंही नाही कुठे पडतंय, आणि पुन्हा डोकं खाली घालून आत घुसला. शनिवारी मोजा सापडत नसला की लेबर्ट पेटीत असाच घुसायचा, एकेक वस्तू खांद्यावरून मागे भिरकावत.

तिला हसू फुटलं, आणि तिने ते तोंडावर हात दाबून धरलं. श्वाससुद्धा ती जपून घेत होती. पक्षी खोडाला धरून उलटा लटकला, शेवाळाची पट्टी सोलून काढली, पुढच्या रानअननसाकडे गेला, त्याचं प्रत्येक पान बाजूला करून आत बघितलं, मग त्याच्या पुढच्याकडे. एकही सोडला नाही. सुईसारखी चोच पाण्यात खोल बुडवली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यात एक पिटुकली तपकिरी बेडकी पाय झाडत होती. धुक्यात पलीकडून कुणीतरी झ्वीऽऽझू केलं, आणि ह्याने, तोंडात बेडकी असताना, तसंच घरघरतं उत्तर दिलं. जोडा होता. केव्हापासून होता कोण जाणे. ती खाली कोनफळं उकडत होती, भांडत होती, चर्चमध्ये गात होती, आणि इथे वर, तिच्या घरापासून अर्ध्या सकाळच्या वाटेवर, हे असं रोज चाललं होतं. तिने विश्वास ठेवला काय आणि न ठेवला काय, त्याचं त्यांना काहीच नव्हतं. चर्चमध्ये इतकी वर्षं गुडघे टेकले, पण ते आपणहून कधी वाकले नव्हते, आज वाकले.

मग पक्षी थांबला. खालच्या फांदीवर उतरला, एवढा जवळ की तिला त्याच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब दिसला. मान तिरकी केली, वाकला, आणि तिच्याकडे बघितलं.

डोळा काळाभोर होता.

किती वेळ तो बघत होता तिला सांगता येत नाही. लेबर्टचं एकेक वाक्य तिच्यापुढे उभं राहत गेलं आणि एकही वाक्य खोटं निघेना. एवढंच नव्हे, त्याने सांगितलं ते कमीच होतं. तो हे बघून घरी यायचा, आणि घरी त्याच्या वाट्याला काय यायचं? तरी दुसऱ्या आठवड्याला पुन्हा सांगायचा. आपल्याला जे सगळ्यात सुंदर दिसलं ते बायकोला सांगितल्याशिवाय त्याला राहवत नसे, एवढाच त्याचा गुन्हा.

पक्षी उडून वर गेला, आणि तेव्हा तिचं लक्ष आडव्या पडलेल्या बांबूकडे गेलं, त्याच्या टोकाच्या वाकड्या सुरीकडे. सुगीच्या सगळ्या रविवारी चर्चच्या वाटेवर तिने जी रांग मांडली होती ती ह्यांची ताटं होती. तिने वाढलेली ताटं उचलून नेली होती, आणि मंगळवारी घळीत टाकली होती. लेबर्ट तीच ताटं स्वतःच्या डोक्यावरून खाली नेत होता, कारण तो मान तिचा होता. ह्याच्यावरचं एक तरी राहू दे, आयोनी. तिने सुरी बांबूवरून सोडली, एप्रनमध्ये गुंडाळली, आणि बांबू तिथेच ठेवून खाली निघाली.

अंगणात पोचली तेव्हा बोकडाच्या रश्श्याचा वास सुटला होता आणि थडग्याचा गिलावा झाला होता. फेरनने वर बाप्तिस्म्याचं नाव लिहून ठेवलं होतं, लेबर्ट डिहेनी, छान वळणदार, आणि खिळा हातात धरून तो तिची वाटच बघत होता. शेजारी भोवती उभे होते. डेल्रोझने आईच्या रिकाम्या हातांकडे बघितलं आणि रानअननस कुठे म्हणून विचारलं.

"त्यांच्या घरी आहेत," आयोनी म्हणाली. "तिथेच राहतील. सुगीलाही." मग फेरनकडे वळली. "लिहा मास फेरन. सार्जंट."

"चेष्टेचं नाव ना ते? काल तर तुम्ही..."

"मी पाहिला."

"काय पाहिलंत?"

"सार्जंट. रानअननसात डोकं घालून बसला होता. माझ्या डोक्यावर कचरा टाकत होता."

मागे कुणीतरी खुसकन हसलं, आणि ते हसू आगीसारखं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. फेरनची दाढी थरथरू लागली. ह्या बाईने त्याचे आजवर जेवढे टाके उसवले होते तेवढ्या सगळ्यांची आज परतफेड होणार होती, आणि त्याने ती संधी सोडली नाही. अगदी तिच्याच सुरात त्याने विचारलं, "क्लिंग-क्लिंग नव्हता कशावरून, मिस आयोनी?"

आता तर माणसं पोट धरून हसू लागली. आयोनीने तोंड उघडलं. शेपटी, चोच, बेडकी, डोळा, सगळं जिभेच्या टोकावर तयार होतं, आणि ह्या माणसांना दोन वाक्यांत जमीनदोस्त करणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं. हे हसू तिच्या ओळखीचं होतं, फक्त ते ह्या बाजूने कसं दिसतं ते तिने पाहिलं नव्हतं. लेबर्टने जन्मभर पाहिलं होतं.

तिने तोंड मिटलं. दोन बोटं उचलली, हॅटच्या काठाला लावली, आणि तशीच उभी राहिली. हॅटवर अजून शेवाळ चिकटलेलं होतं आणि मागच्या बाजूला कुजक्या पानाचा एक तुकडा.

सगळ्यात आधी फेरन हसायचा थांबला. तो सलाम त्याने कुठे पाहिला होता हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हॅटवरच्या त्या ओल्या पानाकडे तो जरा वेळ बघत राहिला, हॅट काढून बाजूला ठेवली, गुडघ्यावर बसला, आणि सिमेंट पकडायच्या आत खालचं नाव लिहिलं: सार्जंट.

"खाली थोडी जागा सोडा," आयोनी म्हणाली.

"कशाला?"

"माझ्यासाठी. उद्यापासून मलाही हेच म्हणतील सगळे."

फेरनने हाताच्या पंजाएवढी जागा गुळगुळीत करून ठेवली, आणि मग सगळे रश्श्याकडे वळले.